उघड्या जीपसाठी सहा पायांचा रोल केज : नळी, बेंड, पाय आणि वेल्डिंग

कातळवाट :
लॅडर चॅसीवरची (शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी चौकटीवरची) दोन दारांची, आखूड व्हीलबेसची उघडी जीप आहे. माणसं-सामान धरून वजन साधारण १,६०० किलो. काम सावकाश चालीचं: कातळ, घसरडे चढ, ओढ्यातली वाट. शर्यत नाही. मागचं बाक काढून पुढच्या दोनच सीट ठेवणार आहे. सीटच्या मागे मेन हूप (उलट्या यूच्या आकाराची मुख्य कमान), त्याला मागून दोन टेकू, पुढे काचेच्या चौकटीलगत दोन पाय, असा सहा पायांचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, डोक्यात आहे.

विचारायचं ते असं. पाण्याचा जाड पाइप (४८ मिमी बाहेरचा व्यास, सव्वातीन मिमी भिंत) सहज मिळतो, तो चालेल का? पाय बॉडीच्या पत्र्यावर उतरवायचे की थेट चॅसीवर? वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे येते) की टिगने (तार हाताने भरायची)? आणि काम कुठून सुरू करायचं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

पोलादपट्टी :
पाण्याचा पाइप नको. तो आतला दाब धरायला बनवलेला असतो. आडवा मार बसल्यावर तो किती ताण घेईल याची हमी कुणी देत नाही. आतल्या बाजूला जोडाचा उंचवटा असतो, आणि गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्ड सच्छिद्र होतं.

एफआयए या जागतिक मोटार-शर्यत संघटनेच्या नियमावलीतला परिशिष्ट जे, कलम २५३ हा भाग शर्यत नसली तरी मापदंड म्हणून धरावा. तिथे मेन हूपला किमान ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २.० मिमी, आणि बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी सांगितलं आहे. धातू म्हणजे कोल्ड ड्रॉन सीमलेस साधं कार्बन स्टील, ताणबळ किमान ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी.

वजन काढायचं सूत्र जवळ ठेवा: (बाहेरचा व्यास – भिंत) × भिंत × ०.०२४६६ = किलो प्रति मीटर, मापं मिमीत. तुमचा पाण्याचा पाइप मीटरला ३.६ किलो भरतो, ४५ × २.५ ची नळी २.६ किलो. पंचवीस मीटरला पंचवीस किलोचा फरक पडतो, आणि हे सगळं वजन गाडीच्या वरच्या भागात बसतं. उलटू नये म्हणून धडपडायचं आणि उलटायला मदत करणारं वजन डोक्यावर ठेवायचं, हे बरोबर नाही.

५० × २.० ही नळी ४५ × २.५ पेक्षा वाकायला सुमारे १५ टक्के ताठ आणि तरी जवळपास १० टक्के हलकी. कागदावर तीच सरस. पण कातळावर गाडी आडवी पडली की एका टोकदार दगडावर सगळा भार येतो, आणि तिथे २ मिमी भिंतीला पिचका लवकर पडतो. पिचका पडलेली नळी पुढच्या भाराला तिथेच दुमडते. तुमच्या कामाला माझं मत २.५ मिमी भिंतीला.

सीमलेस मिळत नसेल तर डीओएम पाहा. ती जोडाची पट्टी वळवूनच सुरू होते, पण नंतर साच्यातून आणि मँड्रेलवरून (आतल्या दांड्यावरून) ओढल्यामुळे जोड जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंत एकसारखी येते. साधी ईआरडब्ल्यू (विजेने जोड वेल्ड केलेली नळी) हा शेवटचा पर्याय, तीही कोल्ड रोल्ड, काळी हॉट रोल्ड नको. ती वाकवताना जोडाची रेघ बेंडच्या कुशीला ठेवायची, बाहेरच्या ताणाच्या बाजूला कधीच नाही.

चकचकीत स्टेनलेसच्या शोभेच्या बारबद्दलही सांगून ठेवतो. त्यांची भिंत दीड मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि पाय पत्र्याला दोन स्क्रूंनी धरलेले असतात. त्यावर दिवे लावावेत, जीव टांगू नये.

त्रिकोण :
धातूचं ठरलं. पण केजची ताकद भिंतीच्या जाडीपेक्षा नळ्या कुठून कुठे जातात यावर जास्त ठरते. मेन हूप नुसता उभा केला तर तो चौकटीसारखा वागतो. गाडी कुशीवरून छपरावर लोळते तेव्हा पहिला मार वरच्या कोपऱ्यावर तिरका येतो, चौकट कलते आणि तिचा समांतरभुज होतो. नळी तुटतही नाही, फक्त कोपऱ्यांत वाकते आणि छप्पर डोक्यावर येतं. म्हणून मेन हूपच्या पातळीत एक कर्ण हवाच: ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या खालच्या पायापर्यंत, एकसंध आणि सरळ.

सरळ हा शब्द मनावर घ्या. दोन सांध्यांमधल्या नळीत बेंड असला की ती दाबाखाली आधी तिथेच वाकते. बेंड फक्त हूपच्या कोपऱ्यांत आणि पुढच्या पायात, जिथे गाडीचा आकारच तो मागतो तिथे. टेकू, कर्ण, छपरातला फुलीचा आकार, सगळं सरळ. आणि नळ्या जिथे भेटतात तिथे खरोखर भेटल्या पाहिजेत. टेकू हूपच्या वरच्या कोपऱ्यापाशी यायला हवा. तो दीड वीत खाली जोडला तर वरचा मार हूपला त्या जागी मोडतो.

टेकूचा उभ्याशी कोन किमान ३० अंश. आखूड गाडीत मागे जागा नसते म्हणून लोक टेकू जवळजवळ उभे करतात. मग गाडी पुढून मागे उलटताना ते काहीच धरत नाहीत.

लांबीचा अंदाज तुमच्या आराखड्यावरून: मेन हूप ३.२ मी, पुढचे दोन्ही पाय छपराच्या कडेसकट प्रत्येकी २.३, काचेवरचा आडवा १.१, डॅशखालचा १.२, दोन टेकू मिळून २.६, हूपचा कर्ण १.४, खांद्याच्या पट्ट्यांचा आडवा १.१, छपराची फुली ३.०, टेकूंमधली फुली २.८, दाराच्या उंबऱ्याजवळचे दोन मिळून २.२. बेरीज २३.२ मीटर. हूप आणि पुढचे पाय ४५ मध्ये, बाकी ३८ मध्ये. सहा मीटरच्या लांबीत ४५ च्या दोन आणि ३८ च्या तीन नळ्या घ्या. हूप आणि एक पाय एका नळीत बसतो, दुसरा पाय दुसरीत, आणि तिचं उरलेलं बेंडच्या चाचणीला. नुसत्या नळ्यांचं वजन ५४ किलोच्या आसपास, पाट्या आणि गसेट (कोपऱ्यांत मजबुतीला लावायचे पत्र्याचे तुकडे) धरून पासष्टच्या आत.

कातळवाट :
मनापासून आभार. बेंडबद्दल विचारतो. हायड्रॉलिक पाइप बेंडर वापरता येईल का? आणि हूप नेमक्या रुंदीचा यायला नळीवर खुणा कशा करायच्या?

वाकनळी :
ज्यात मधून गोळा पुढे येतो आणि दोन रोलरवर पाइप दाबला जातो तो बेंडर नको. त्याचे साचे पाइपच्या मापाचे असतात. त्यात ४५ ची नळी सैल बसते, आतल्या बाजूने चपटी होते आणि सुरकुत्या पडतात. रोटरी ड्रॉ पद्धतीचा बेंडर लागतो, म्हणजे नळी साच्याभोवती गुंडाळली जाते आणि मागून आधाराचा गुटका सरकतो. साचा नळीच्या बाहेरच्या व्यासाचाच हवा. ४५ साठी ४४.४५ चा साचा चालवू नका, नळी कडेला ओरखडते.

बेंडची मध्यरेषेवरची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नसावी. म्हणजे ४५ ला १३५ मिमी. १५० चा साचा मिळाला तर उत्तम.

आता हिशेब. समजा हूपची बाहेरून रुंदी १,२०० आणि उंची १,१०० मिमी, त्रिज्या १५०, पाय सरळ उभे. मध्यरेषेची रुंदी १,२०० – ४५ = १,१५५. त्यातून दोन त्रिज्या वजा केल्या की वरचा सरळ भाग ८५५. एका ९० अंशाच्या बेंडमध्ये १५० × १.५७१ = २३५.६ मिमी नळी जाते. मध्यरेषेची उंची १,१०० – २२.५ = १,०७७.५, त्यातून १५० वजा, म्हणजे प्रत्येक पायाचा सरळ भाग ९२७.५. एकूण ३,१८१ मिमी. दोन्ही टोकांना ५०-५० मिमी जादा ठेवा, पाय नंतर फरशीच्या उताराला कापायचे असतात.

खूण नळीच्या मध्यापासून दोन्हीकडे मोजा, टोकापासून नाही. मध्यापासून ४२७.५ वर बेंड सुरू होतो. पण बेंडरवर खूण कुठे टेकवायची हे साच्यावर ठरतं, म्हणून उरलेल्या तुकड्याचा एक ९० चा बेंड आधी काढा आणि वाकणं नक्की कुठे सुरू झालं ते गुण्या लावून पाहा. त्याच तुकड्यावरून नळी किती परत उघडते तेही कळतं. साध्या स्टीलला दोन ते चार अंश धरतात, पण तुमच्या नळीचा आकडा तुमच्या तुकड्यावरूनच घ्या.

बेंड झाला की व्हर्नियर लावा. बेंडवरच्या सगळ्यात लहान व्यासाला सगळ्यात मोठ्याने भागा. उत्तर ०.९ किंवा जास्त हवं. ४२.५ आणि ४६.८ आले तर ०.९०८, चालेल. ४१ आणि ४७ आले तर ०.८७, ती नळी बाजूला. आतल्या कुशीवरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडखळलं म्हणजे सुरकुती आहे, डोळ्यांना दिसली नाही तरी.

दोन्ही बेंड एकाच पातळीत आले पाहिजेत. पहिल्या बेंडनंतर त्या पायावर डिजिटल कोनमापक चिकटवा आणि दुसरा बेंड घेताना आकडा तोच आहे ना ते पाहत राहा. एक अंश चुकला तर ९३० मिमीच्या पायावर १६ मिमीचा पीळ येतो. तापवून, वाळू भरून वाकवायचा विचारही नको. सीमलेस नळीची ओढून आलेली ताकद तापवल्यावर उतरते.

ओळंबा :
बसवण्याचा क्रम मी सांगतो, कारण बहुतेक कामं इथेच बिघडतात.

गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी. जॅकवर नको, बॉडी पिळलेली असते. सीट आधी कायमच्या जागी बसवा, आणि गाडीत बसणारा सगळ्यात उंच माणूस हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसवा. हेल्मेटपासून कुठल्याही नळीपर्यंत चारही बाजूंना ७५ मिमी मोकळे सुटले पाहिजेत. पट्टे ताणतात आणि मान हलते, त्यामुळे बसल्यावर पुरेसं वाटणारं अंतर मारात उरत नाही. सीटची पाठ मागे सरकणारी असेल तर ती सगळ्यात मागे ठेवून पाहा.

आधी सहाही पायांच्या पाट्या फरशीवर बसवा, मग हूप. हूपला ओळंबा लावा. पुढे-मागे उभ्यापासून १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. मग टेकू, मग पुढचे पाय, मग आडव्या नळ्या, शेवटी कर्ण आणि फुल्या. प्रत्येक पायरीला चॅसीच्या एकाच ठरलेल्या बिंदूपासून हूपच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंत माप घ्या. डावं-उजवं ३ मिमीच्या आत जुळलं नाही तर टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) तोडा. पुढे आपोआप जुळेल ही आशा खोटी ठरते.

काच पुढे दुमडणारी असेल तर ती दुमडून बघा. दार उघडून, वायपर चालवून, हँडब्रेक ओढून, गिअर सगळीकडे टाकून, टप चढवून बघा. पुढचा पाय डॅशजवळ येतो तिथे गुडघा आपटतो का हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

नॉचबद्दल. नळीचं टोक दुसऱ्या नळीला मिठी मारेल असं कापायचं, त्यासाठी ज्या नळीवर टेकायचं तिच्या व्यासाचा होलसॉ (गोल भोक पाडणारी करवत). दोन्ही टोकांना नॉच असेल तर एका टोकाची दिशा दुसऱ्याशी जुळवायला नळीवर लांबीची एक सरळ रेघ आखून घ्या. फट १ मिमीच्या आत हवी. फट मोठी झाली तर ती वेल्डने भरू नका, नळी बदला. कोन ३० अंशांपेक्षा अरुंद झाला की नॉचची कड कागदासारखी पातळ होते आणि टॅक लावताच जळते. तिथे ती कड फाइलने मागे घेऊन भिंतीची पूर्ण जाडी उघडी करा.

चिखलखूर :
पायांबद्दल मी सरळ सांगतो: चॅसीवर उतरवा. पत्रा म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर. हूपचा पाय त्यातून छिन्नीसारखा आरपार जातो.

पोलादपट्टी :
चिखलखूर, पत्र्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण थेट चॅसीवर वेल्ड केलेला केज या गाडीत दुसरं दुखणं आणतो. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. एक चाक दगडावर चढलं की चॅसी पिळते आणि बॉडी तिच्या तुलनेत काही मिमी हलते. केज चॅसीला पक्का आणि बॉडीलाही चिकटलेला असेल तर तो पीळ फरशीच्या भोकांभोवती पत्रा फाडतो, नाहीतर पायाच्या वेल्डला तडा देतो. सावकाश कातळ चढणाऱ्या गाडीत हे रोजचं आहे, उलटणं क्वचितचं.

चिखलखूर :
मान्य. पण सगळे पाय बॉडीवर ठेवले तर उलटताना बॉडीच चॅसीवरून सुटायची भीती. माउंटचे बोल्ट त्या कामाचे नसतात.

त्रिकोण :
दोघांचंही बरोबर आहे, आणि त्यावर उपायही आहे. पाय बॉडीवरच, पण प्रत्येक पाय जमेल तितका बॉडी माउंटच्या जवळ. फरशीच्या वर पाट, खाली तेवढाच किंवा मोठा पाट, पत्रा मध्ये दाबलेला. त्या खालच्या पाटापासून चॅसीपर्यंत एक छोटा हात, त्यात पॉलियुरेथेनचा बुश (रबरासारखं लवचिक नळकांडं) आणि आडवा बोल्ट. रोजचा पीळ बुश खातो, आणि उलटल्यावर बोल्ट बॉडी सोडू देत नाही. जुने माउंट कडक झाले असतील तर याच वेळी बदला. एक गोष्ट कधी करू नका: दोन पाय चॅसीला पक्के आणि चार पाय बॉडीला.

आकडे असे. एफआयएच्या मापाने मेन हूपच्या आणि पुढच्या पायांखाली बॉडीला लावायचा पाट किमान १२० चौ. सेंमी आणि ३ मिमी जाड, टेकूच्या पायांना ६० चौ. सेंमी चालतो. नळीला वेल्ड केलेली पाटी नळीच्या भिंतीपेक्षा पातळ नको. पायाला किमान तीन एम८, ८.८ ग्रेडचे बोल्ट. तुमच्या वजनाला मी चार एम१० लावेन, नायलॉक नटसह. पाटाचे कोपरे २० मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार कोपऱ्यापासूनच पत्रा चिरायला लागतो.

टेकू मागच्या चाकाच्या कमानीवर उतरत असतील तर नुसता वरचा पाट पुरत नाही. पाट एलच्या आकारात दुमडून कमानीच्या वरच्या आणि उभ्या, दोन्ही बाजूंना धरा.

चॅसीवरचा हात वेल्ड करताना वेल्ड उभ्या बाजूवर आणि लांबीच्या दिशेने. वरच्या-खालच्या कडेला आडवं वेल्ड घातलं की चॅसी तिथेच तडकते. बंद पेटीच्या चॅसीतून बोल्ट आरपार न्यायचा असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर नट आवळताना पेटी चेपते आणि बोल्ट कायम सैल राहतो.

आणि सीट? सीट आणि पट्टे एकाच सांगाड्याला हवेत. सीट चॅसीवर आणि खांद्याचे पट्टे केजवर अशी वाटणी झाली की मारात दोन्ही वेगवेगळीकडे सरकतात आणि मधे माणूस ओढला जातो.

झोत :
वेल्डिंग. साध्या स्टीलला मिग पूर्ण चालतं. टिग नीट येणाऱ्याने जरूर करावं, पण त्याला सांध्याभोवती हात फिरायला जागा लागते, आणि फट असेल तिथे धातू भरताना नळी जास्त तापते.

२.५ मिमी भिंतीला ०.८ मिमीची ईआर७०एस-६ तार, ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड, ११० ते १३० अँपिअरच्या आसपास, गॅस मिनिटाला १२ ते १५ लिटर. उघड्यावर वारा असेल तर आडोसा करा, गॅस उडाला की वेल्डला आतून जाळी पडते. सांध्याभोवती २५ मिमीपर्यंत गंज, तेल, काळी पापुद्री ग्राइंडरने काढून चकचकीत धातू उघडा करा.

मिगचा धोका असा की वरून देखणं दिसणारं वेल्ड आतून धरलेलंच नसतं. म्हणून गाडीला हात लावण्याआधी त्याच नळीचा टी-सांधा वेल्ड करा, आडवा कापा, कापलेला भाग पॉलिश पेपरने घासून त्यावर फेरिक क्लोराइडचं पाणी लावा. वेल्डचा धातू वेगळ्या छटेत उठून दिसतो. तो दोन्ही नळ्यांच्या भिंतीत शिरलेला हवा. मुळाशी काळी रेघ उरली तर अँपिअर वाढवा किंवा हाताचा वेग कमी करा, आणि पुन्हा कापा. हे जमेपर्यंत केजवर टॅकसुद्धा मारू नका.

प्रत्येक सांध्याला चार टॅक. सगळा केज टॅकवर उभा राहिला, मापं तपासली, मगच पूर्ण वेल्ड. हूपच्या पायांमध्ये खाली एक तात्पुरती आडवी नळी टॅक करा, नाहीतर कर्ण वेल्ड करताना पाय आत ओढले जातात. एका सांध्याचा पाव भाग झाला की समोरच्या बाजूच्या सांध्यावर जा. वेल्ड नळीभोवती पूर्ण फिरलं पाहिजे. हात पोचत नाही म्हणून मागची बाजू सोडली तर तो सांधा अर्धाच आहे. सुरुवात आणि शेवट सांध्याच्या अरुंद कुशीत नको. सुरुवातीचे ५-६ मिमी नेहमी थंड असतात, तेव्हा ते रुंद बाजूला घ्या आणि पुढची ओळ त्यांच्यावरून न्या. झाल्यावर ग्राइंडरने वेल्ड गुळगुळीत करू नका, जो धातू भार घेणार तोच तुम्ही काढता.

बंद नळीचा शेवटचा सांधा बुजवताना आतली हवा तापून फुगते आणि वितळलेला धातू बाहेर फुंकते, नेमकं शेवटच्या बोटभर जागेत भोक पडतं. त्यासाठी टोकाजवळ नळीच्या कुशीला ३ मिमीचं भोक ठेवा आणि थंड झाल्यावर ते वेल्डने बंद करा. ओढ्यात जाणाऱ्या गाडीत नळ्या पूर्ण बंदच हव्यात. आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अल्टरनेटर आणि ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) प्लग सोडवा. अर्थिंगचा चिमटा केजवरच, सांध्याजवळ. इंजिनला किंवा अॅक्सलला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो. इंधनाची टाकी उतरवा. काच आणि मीटर ओल्या जाड कापडाने झाका, ठिणगी काचेत रुतून बसते. फरशीच्या खालचा डांबरी लेप वरच्या उष्णतेने पेटतो आणि वरून दिसत नाही, म्हणून एक माणूस अग्निशामक घेऊन गाडीखाली लक्ष ठेवायला.

खडीवाट :
थोडं विषयांतर. क्रोमोली ४१३० (क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलची नळी) घेतली तर?

झोत :
ताणबळ जास्त, पण ताठपणा साध्या स्टीलइतकाच. म्हणजे भिंत पातळ केली तर पिचके जास्त पडणार. तिला टिग, ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२ ची तार, आणि सावकाश थंड होऊ देणं, ओला फडका किंवा हवेचा झोत अजिबात नाही. सावकाश चालीच्या जीपला तिचं प्रयोजन मला दिसत नाही.

कातळवाट :
गसेट कुठे? आणि खांद्याच्या पट्ट्यांची नळी किती उंचीवर?

त्रिकोण :
गसेट पुढच्या पायाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे छपराची कड, काचेवरचा आडवा आणि पाय भेटतात, आणि छपराच्या फुलीच्या मध्यात. यू-आकारात दुमडलेला पत्रा, जाडी किमान १ मिमी. त्याची टोकं कोपऱ्यापासून नळीच्या व्यासाच्या दुप्पट ते चौपट अंतरावर संपावीत. सपाट त्रिकोणी पाटी नळीच्या मधल्या रेषेवर उभी लावली तर ती तिथल्या भिंतीला चिरते.

पट्ट्यांची नळी खांद्यांच्या उंचीला किंवा किंचित खाली, पट्टा खांद्यापासून मागे जाताना २० अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नये. जास्त उतरला तर मारात पट्टा मणका खाली दाबतो. नळी सीटच्या पाठीला जितकी जवळ तितका पट्टा आखूड, आणि आखूड पट्टा कमी ताणतो. नळीवर छोट्या कड्या वेल्ड करा म्हणजे पट्टे बाजूला घसरणार नाहीत. पट्ट्यांसाठी नळीत भोक पाडायचं असेल तर आरपार बुशिंग वेल्ड करूनच. नुसतं भोक पाडून बोल्ट घालणं म्हणजे नळी तिथे अर्धी करणं.

ओळंबा :
हे वाचणाऱ्यांपैकी जे रस्त्यावरही तीच गाडी चालवतात त्यांनी ऐका. हेल्मेट नसलेल्या डोक्याला उघडी नळी घातक असते, साध्या धक्क्यातही. डोकं पोचेल त्या प्रत्येक नळीवर एसएफआय ४५.१ किंवा एफआयए ८८५७-२००१ मापाचं कडक पॅडिंग लावा. एसीच्या नळीला गुंडाळतात तो मऊ फोम बोटाने चेपतो, मारात त्याचा काही उपयोग नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत नळी तिच्या वाटेत येऊ देऊ नका. आणि केज बसवला की ती गाडीतली फेरफार ठरते, तेव्हा आपल्याकडच्या वाहन नियमांत ते बसतं का आणि विम्याला कळवायचं का हे काम सुरू करण्याआधी पाहा.

खडीवाट :
रंग? पावडर कोटिंग टिकतं म्हणतात.

पोलादपट्टी :
टिकतं, आणि म्हणूनच तडा झाकतं. साधा प्रायमर आणि फिकट रंग लावा, राखाडी किंवा पांढरा. फिकट रंगावर वेल्डच्या कडेला गंजाची केसाएवढी रेघ लगेच दिसते, आणि ती रेघ म्हणजे बहुधा तडाच असतो. क्रोम प्लेटिंग नको. जास्त ताणबळाच्या स्टीलमध्ये त्यातून हायड्रोजन शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. पायाच्या पाटांमध्ये बसवण्याआधी सीम सीलर भरा, तिथे चिखलाचं पाणी साचून पत्रा खालून कुजतो.

चिखलखूर :
एकदा गाडी उलटली आणि केजने भार घेतला, तर पुढे काय करायचं?

पोलादपट्टी :
नळीवर सुतळी ताणा आणि नळी सरळ आहे का पाहा. हूपचे कर्ण पुन्हा मोजा आणि बसवतानाच्या मापांशी ताडा, म्हणून ती मापं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. प्रत्येक सांध्यावर डाय पेनिट्रंट मारा: लाल द्रव, पुसून घ्या, पांढरा डेव्हलपर, तडा असेल तर लाल रेघ वर येते. वाकलेली किंवा पिचलेली नळी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत कापून नवी घाला. तापवून सरळ केलेली नळी पुढच्या वेळी त्याच जागी पडते. मेन हूपच वाकला असेल तर पूर्ण केज नवा. पायाचे बोल्ट सगळे बदला, वरून धड दिसले तरी.

उलटली नाही तरी पहिल्या अवघड वाटेनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पाहा. ८.८ चा एम१० कोरडा असेल तर ४५ ते ५० न्यूटन-मीटर. पाटांमधला रंग आणि सीलर दबून बसतो आणि बोल्ट थोडे सैल होतात, त्यामुळे पहिल्या वेळी ते फिरतील. दुसऱ्या वेळीही तोच बोल्ट फिरला तर त्या पायाखालचा पत्रा उघडून बघा.